लोकीची लेक, रमजानचा रोजा

आपल्याकडे एखादं साधंभोळं पोर दिसलं, की जुनी माणसं म्हणतात, ‘देवाचं लेकरू आहे बिचारं.’ त्यात कौतुक असतं आणि थोडी कीवही असते. पण हे शब्द कुणी जसेच्या तसे खरे धरले तर? एखाद्या मुलीची आई तुमच्याआमच्यासारखी बाई आणि बाप साक्षात देव असेल, तर त्या मुलीनं काय करायचं? गणिताचा पेपर द्यायचा की राक्षसाशी लढायचं? आणि दोन्ही एकाच दिवशी आलं तर? हसू नका. याच प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत कुमारवयाच्या वाचकांसाठी इंग्रजीत कादंबऱ्यांच्या मालिकाच्या मालिका निघाल्या आहेत. जगभरातली मुलं त्या वाचतात. आपल्या जळगावातलीही वाचतात.

त्यातल्या एका मुलीविषयी मला आज बोलायचं आहे. तिचं नाव समीरा अल-अब्बास. वय सोळा. राहणार बॉस्टन, अमेरिका. घराणं मूळचं इराकमधलं. आई डॉक्टर होती, ती वारली. आजी-आजोबांनी तिला वाढवलं. शाळेत हुशार, डोक्यावर हिजाब, मोठेपणी विमान चालवायचं स्वप्न. आणि बाप? बाप म्हणजे लोकी, उत्तर युरोपातल्या जुन्या देवमंडळातला तो कपटी, बोलघेवडा, रूपं बदलणारा देव. अशी ही मुलगी पाच वेळा नमाज पढते आणि हातात परशू घेऊन राक्षसांशी लढते. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाच्या ‘मॅग्नस चेस’ मालिकेतल्या तीन कादंबऱ्यांत ती भेटते. त्या २०१५, २०१६ आणि २०१७ साली एकामागून एक आल्या.

मी कविता लिहिणारी बाई. असोद्यासारख्या गावात राहून या परक्या मुलीत मला रस का वाटावा, ते हळूहळू सांगते. आधी हे अर्धे देव म्हणजे काय, ते पाहू.

देव आणि माणूस यांच्या मीलनातून जन्मलेली संतती ही कल्पना जगभर जुनी आहे. आपल्या महाभारताचा तर तोच कणा आहे. युधिष्ठिर धर्माचा, भीम वायूचा, अर्जुन इंद्राचा, नकुल-सहदेव अश्विनीकुमारांचे आणि कर्ण सूर्याचा. ग्रीकांकडे हेराक्लीस आणि पर्सियस हे झ्यूसचे मुलगे, तर अकिलीस समुद्रदेवतेचा. या सगळ्यांचं दुखणं एकच. ते देवांच्या रांगेत बसू शकत नाहीत आणि माणसांच्या पंगतीतही पुरते मावत नाहीत. कर्णाचं सारं आयुष्य त्याच फटीत गेलं. गोष्ट सांगणाऱ्याला ही फट फार आवडते, कारण तिथून माणूस स्पष्ट दिसतो.

पण यादी पुन्हा वाचा. सगळे मुलगे आहेत. देवांना मुली झाल्या नाहीत असं नाही. शकुंतला ही मेनका अप्सरेची लेक. आईनं जन्मताच सोडलेली, आधी पाखरांनी आणि मग कण्व ऋषींनी सांभाळलेली. ग्रीकांची हेलन ही झ्यूसची लेक. पण शकुंतलेच्या वाट्याला दुष्यंताची वाट पाहणं आलं आणि हेलनच्या वाट्याला तिच्यावरून लढलं गेलेलं युद्ध. रथ, शस्त्र आणि रणांगण देवांच्या लेकांना मिळालं. जुन्या कथांनी देवांच्या लेकींना रूप दिलं, शाप दिला, विरह दिला. काम मात्र फारसं दिलं नाही.

हे काम नव्या लेखकांनी दिलं. रायर्डन स्वतः शाळामास्तर होता. त्यानं पंधरा वर्षं मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवला. त्याच्या मुलाला अक्षरं वाचताना अडचण यायची आणि एका जागी लक्ष टिकत नसे. त्या मुलाला ग्रीक पुराणं तेवढी आवडायची. बाप रोज रात्री ती सांगायचा. सांगता सांगता साठा संपला, तेव्हा मुलानं नवी गोष्ट मागितली. त्यातून पर्सी जॅक्सन जन्मला, समुद्रदेवाचा मुलगा, ज्याला वाचता येत नाही. का येत नाही? तर त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक लिपीसाठी घडलेला आहे म्हणून! आणि त्याची चुळबुळ? ते तर रणांगणावर जिवंत राहण्यासाठी मिळालेलं सावधपण. शाळेत ज्या गोष्टीसाठी पोर मार खातं, ती गोष्ट त्याच्या मोठ्या घराण्याची खूण ठरली. पहिलं पुस्तक २००५ साली आलं आणि मुलांनी डोक्यावर घेतलं.

त्या मालिकेत पर्सीच्या जोडीला ॲनाबेथ आहे. ज्ञानदेवता अथेनाची लेक. सातव्या वर्षी घर सोडून पळालेली, हुशार आणि हुशारीचा ताठा असलेली, मोठेपणी इमारती बांधू पाहणारी. युद्धाची आखणी तिची असते. रोशनी चोक्शी या भारतीय-फिलिपिनो वंशाच्या अमेरिकन लेखिकेनं २०१८ पासून आपल्या महाभारतावर ‘आरू शाह’ ही पाच पुस्तकांची मालिका लिहिली. तिथं तर पांडवांचे आत्मेच मुलींच्या जन्माला आले आहेत. आरू इंद्राची लेक, मिनी यमधर्माची, ब्रिन वायूची. अर्जुनाचा आत्मा अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, संग्रहालयात राहणाऱ्या एका थापाड्या शाळकरी मुलीत उतरला आहे. आपल्या आज्यांनी हे ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या आणि मग विचारलं असतं, ‘पुढं काय झालं?’

आता समीराकडे येऊ. ॲनाबेथ ग्रीक देवतेची आणि आरू इंद्राची, हे वाचताना अडत नाही. समीराचं प्रकरण अवघड आहे. ती मुसलमान आहे. इस्लामचा पाया काय? ईश्वर एक आहे. तो कुणाचा बाप नाही, कुणाचा मुलगा नाही आणि त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नाही. आमच्या घरातलं पाच वर्षांचं पोरही हे नमाजात म्हणतं. मग ‘मी देवाची मुलगी’ हे वाक्य मुसलमान मुलीनं उच्चारायचं कसं?

लेखकानं हा प्रश्न टाळला नाही, हे मला पहिल्यांदा आवडलं. समीराचं म्हणणं सरळ आहे. ईश्वर एकच, त्याच्यावर माझा विश्वास. लोकी, थोर, ओडिन हे बलवान आहेत, दीर्घायुषी आहेत, पण ते ईश्वर नव्हेत. तेही निर्माण केलेलेच जीव. मी त्यांच्याशी बोलेन, त्यांच्यासाठी जोखीम घेईन, पण डोकं टेकायचं ते एकाच ठिकाणी. आमच्याकडे फरिश्ते आहेत, जिन्न आहेत, आगीपासून आणि प्रकाशापासून घडलेले. आपल्याला दिसत नाहीत अशी सृष्टी आहे, हे मानायला मुसलमानाला अडचण नसते. अडचण असते ती पूजेच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवण्याची. हा फरक समीराला नेमका कळलेला आहे. अनेक मोठ्या माणसांना तो समजावताना माझी दमछाक झाली आहे.

समीराचं काम व्हॅल्किरीचं. नॉर्स कथांत व्हॅल्किरी म्हणजे ओडिनच्या दूत असलेल्या वीरकन्या. शौर्यानं मेलेल्यांना निवडून त्या वल्हाला या महालात नेतात. रायर्डननं त्या महालाचं आलिशान हॉटेल करून टाकलं आहे. बेघर होऊन बॉस्टनच्या रस्त्यावर राहणारा मॅग्नस एका पुलावर लढताना मरतो आणि समीरा त्याला तिथं घेऊन येते. तो लायक नाही असं वरच्यांना वाटतं आणि समीराची नोकरी जाते. तिच्यावर संशय घ्यायला त्यांना वेळ लागत नाही. लोकीची लेक ना? मग फितूर असणारच. बापाच्या नावावरून मुलीची परीक्षा आधीच लागलेली असते.

इथं मी जरा थबकले. कारण ही परीक्षा मला माहीत आहे. बी.ए.ला मी मराठी विषय घेतला, तेव्हापासून आजपर्यंत एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, ‘मुसलमान असून तुमचं मराठी किती छान!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. चहा पाजतात, शाल देतात. पण ‘असून’ हा शब्द तिथंच राहतो. अहो, असोद्यात जन्मले, शेजारच्या काकूंच्या ओव्या ऐकत झोपले, भरताच्या वांग्यांच्या धुरात डोळे चोळले, मग मराठी काय अरबस्तानातून शिकून यायची होती? समीराला मुसलमानांमध्ये आपण लोकीची लेक आहोत हे लपवावं लागतं आणि वल्हालात मुसलमान असल्याचं समजावून सांगावं लागतं. दोन्हीकडे खुलासे. ते देऊन देऊन ती दमते, चिडते, पण दोन्हीतलं एकही सोडत नाही.

या मुलीशी माझी ओळख करून दिली ती माझ्या भाचीनं. धाकट्या भावाची लेक, आठवीत आहे, जळगावात इंग्रजी माध्यमात शिकते. मैत्रिणीकडून आणलेलं ‘शिप ऑफ द डेड’ हे तिसरं पुस्तक तिनं रमजानच्या महिन्यात वाचलं आणि योगायोग असा, की त्या पुस्तकातही रमजान चालू आहे. जहाजातून जगबुडी थांबवायला निघालेली समीरा रोज रोजा ठेवते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही आणि मध्ये लढाया. भाचीनं मला विचारलं, ‘फुफी, मुसाफिराला रोज्याची सवलत असते ना? मग ही का ठेवते?’ मी म्हटलं, ‘सवलत असते, मनाई नसते. तिला गरज वाटत असेल.’ पोरीनं लगेच सांगितलं, ‘हो. तिचा बाप तिला नुसत्या शब्दानं खाली पाडू शकतो. तिला त्याला नाही म्हणायला शिकायचंय.’

खरंच, मालिकेतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच आहे. राक्षस बरेच येतात, पण समीरा त्यांना घाबरत नाही. ती घाबरते बापाला. लोकीचा आपल्या संततीवर ताबा चालतो. त्यानं हुकूम सोडला, की तिचं शरीर तिचं राहत नाही. दुसऱ्या पुस्तकात तर तो तिचं लग्न एका राक्षसाशी लावायला निघतो. हे बीज जुन्या नॉर्स काव्यातलं आहे. थोरचा हातोडा चोरणारा थ्रिम नावाचा राक्षस बदल्यात नवरी मागतो. लेखकानं नवरीच्या जागी समीराला उभं केलं आणि जुनी विनोदी कथा एकदम आजच्या मुलींची झाली. बाप ठरवणार, पोरगी जाणार. अशा बापाला नकार द्यायचा, तर आधी स्वतःच्या शरीरावर स्वतःची सत्ता हवी. भूक लागलेली असताना हात न लावणं, तहान लागलेली असताना ओठ मिटून बसणं, हा त्या सत्तेचा सराव आहे. शेवटी ती लोकीचा हुकूम मोडते.

हे पुस्तक भावाच्या हाती लागलं आणि त्यानं कपाटावर ठेवून दिलं. ‘देवांच्या पोरींच्या गोष्टी आपल्या घरात नकोत,’ असं त्याचं म्हणणं. माझा भाऊ गॅरेज चालवतो, शांत माणूस आहे. मी त्याच्या गॅरेजात जाऊन बसले आणि त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

बर्फाळ आइसलँड बेट साधारण इसवी सन १००० मध्ये ख्रिस्ती झालं. जुने देव गेले. पुढं दोनशे वर्षांनी तिथं स्नोरी स्टुर्लुसन नावाचा सरदार होता, ख्रिस्तीच. त्याच्या लक्षात आलं, की तरुण कवींना जुनी काव्यं कळेनाशी झाली आहेत. कारण त्या काव्यांत सोन्याला, समुद्राला, जहाजाला सगळी नावं जुन्या देवांच्या कथांवरून दिलेली. कथा विसरल्या, तर कविता मुकी होणार. म्हणून १२२० च्या सुमारास त्यानं त्या सगळ्या कथा लिहून काढल्या. त्याचा विश्वास त्या देवांवर नव्हता. त्याचा जीव आपल्या भाषेवर होता. आज थोर आणि लोकी यांच्याबद्दल जगाला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या ख्रिस्ती माणसामुळं आहे.

भावाला मी म्हटलं, मी मराठीत कविता लिहिते. मला कर्ण कळायला नको? सीतेची माती, द्रौपदीची थाळी, पंढरीची वाट ही मराठी भाषेची हाडं आहेत. ती काढून मी कोणतं मराठी बोलू? आपल्याआधी शेख महंमद होऊन गेले. श्रीगोंद्याचे. जन्मानं मुसलमान, मराठी संतकवींत मानाचं नाव, सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे. आणि आपली दास्तानं आठव. गुलबकावलीची गोष्ट फारसीत लिहिली ती इज्जतुल्ला बंगाली या मुसलमानानं, अठराव्या शतकात. त्यात बकावली परी नाचते कुणाच्या दरबारात? राजा इंद्राच्या. माणसावर जीव जडवला म्हणून तिला शाप देऊन कमरेखाली दगड करतो, तोही इंद्रच. पुढं तीच कहाणी उर्दू मसनवीत अमर केली ती पंडित दयाशंकर नसीम यांनी. लखनौच्या अमानतनं ‘इंदरसभा’ लिहिली, १८५३ साली. त्यातही सब्ज परीचं प्रेम माणसावरच. इंद्राच्या दरबारात जाऊन आले म्हणून या लोकांचा ईमान गेला, असं त्या काळात कुणी फारसं म्हटलं नाही. गोष्ट ऐकणं वेगळं, सजदा करणं वेगळं.

भाऊ ऐकत होता. हात पुसत तो म्हणाला, ‘आपा, ते समजलं. पण ती पोरगी बापाचं ऐकत नाही, हे बरं आहे का?’

मला तेव्हा कळलं, की कपाटावर पुस्तक का गेलं. धर्माची अडचण पुढं केली होती, पण मागं उभा होता तो आठवीतल्या मुलीचा बाप. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोपं उत्तर देऊ नये. आई-वडिलांपुढं ‘उफ्’सुद्धा म्हणू नये अशी आमची शिकवण. पण त्याच शिकवणीत हजरत इब्राहीम आहेत. त्यांचे वडील मूर्ती घडवणारे. मुलानं त्यांना अदबीनं समजावलं, ते रागावले, घालवून दिलं, तरी मुलगा आपल्या सत्यापासून हटला नाही आणि अदबही सोडली नाही. तुमच्याकडे प्रल्हाद आहे. बाप हिरण्यकशिपू कड्यावरून लोटायला निघाला, तरी पोरगं ढळलं नाही. त्याला आपण बंडखोर म्हणत नाही, भक्त म्हणतो. दोन्ही परंपरांनी एक दार उघडं ठेवलं आहे. बाप चुकीचं करायला सांगत असेल, तर नाही म्हणता येतं. फक्त आजवर त्या दारातून मुलगेच बाहेर पडलेले आपण ऐकले. समीरा तिथून बाहेर पडली, एवढाच फरक आहे. भावाला मी इतकंच म्हटलं, ‘तू लोकी आहेस का? मग घाबरतोस कशाला?’ तो हसला. पुस्तक खाली आलं. अर्थात त्यानं त्याच्या सगळ्या शंका फिटल्या असं मी म्हणणार नाही.

शंका मलाही आहेत. समीराची सोयरीक लहान वयातच आजी-आजोबांनी ठरवलेली आहे. तिचं त्या अमीरवर प्रेम आहे, असं सांगून लेखक पुढं जातो. शिकणाऱ्या, विमान चालवू पाहणाऱ्या मुसलमान मुलीलाही हे जोडूनच का द्यायचं? हिजाब कधी घ्यायचा आणि कधी नाही, याबद्दल त्यानं तिला दिलेली मोकळीक पुष्कळ मुस्लीम वाचकांना पटलेली नाही. तिचा हिरवा हिजाब जादूचा आहे, अंगावर ओढला की माणूस दिसेनासा होतो. ही कल्पना मुलांना आवडते. मला मात्र ती वाचताना हसू आलं आणि बोचलंही, कारण ओढणी डोक्यावर आली की बाई दिसेनाशी होते, हे जादूशिवायही घडताना मी पाहिलं आहे. सगळ्यात मोठी उणीव अशी, की तिन्ही कादंबऱ्या मॅग्नस हा मुलगा सांगतो. समीरा काय करते ते आपल्याला दिसतं, ती एकटी असताना काय विचार करते ते दिसत नाही. देवकन्येला परशू मिळाला, पण गोष्ट सांगायचा अधिकार अजून दुसऱ्याकडे आहे.

तरीही लेखकानं एक धागा फार सुंदर पकडला आहे. समीराच्या घराण्याचं नातं त्यानं अहमद इब्न फदलानशी जोडलं. हा माणूस खरा. बगदादच्या खलिफानं ९२१ साली त्याला व्होल्गा नदीकाठच्या राजाकडे वकील म्हणून पाठवलं. पुढच्या वर्षी तिथं त्याला रूस व्यापारी भेटले, उत्तरेकडून आलेले. त्यांचे पोशाख, त्यांच्या सवयी, त्यांच्या सरदाराचं जहाजावर केलेलं दहन, सगळं त्यानं बारकाईनं लिहून ठेवलं. त्यांची अस्वच्छता पाहून तो नाकं मुरडतो, अचंबाही करतो, पण नजर हटवत नाही. त्याच्या वृत्तान्ताची हस्तलिखित प्रत १९२३ साली इराणातल्या मशहदला सापडली. व्हायकिंगांच्या अंत्यविधीचं डोळ्यांनी पाहिलेलं इतकं तपशीलवार वर्णन दुसरं नाही आणि ते एका मुसलमानानं अरबीत लिहिलेलं आहे. म्हणजे नॉर्स देवांच्या जगात मुसलमान मुलगी ‘घुसवली’ असं कुणी म्हणालं, तर तिचा पूर्वज हजार वर्षांपूर्वी तिथं वही घेऊन बसलेला होता, हे उत्तर आहे.

आता आपल्या अंगणात येते. खानदेशात देवांच्या लेकींचा तुटवडा नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरोघर येते. नारळाला नाकडोळे, नथ, दागिने, साडी, आणि रोटांचा स्वयंपाक. एक दिवसाची पाहुणी, सोमवारी तिची पाठवणी. लहानपणी ती मिरवणूक आमच्या दारावरून जाताना माझी अम्मी ओट्यावर उभी राहायची आणि शेजारणीच्या कानबाईची साडी कशी नेसवली आहे, यावर मत द्यायची. वर सातपुड्यात गेलं, की आदिवासींची याहामोगी आहे. याहा म्हणजे आई. दुष्काळात तिनं माणसांना धान्य दिलं, अशी तिची कथा. गुजरातच्या सीमेपलीकडे देवमोगऱ्याला महाशिवरात्रीत तिची यात्रा भरते आणि आपल्या नंदुरबारकडची माणसं डोंगर ओलांडून जातात. राक्षस मारला म्हणून ती मोठी झाली नाही, कोठार उघडलं म्हणून झाली. मुलांच्या कादंबरीला याहून चांगली नायिका कोणती?

आणि आमच्या गावची एक लेक तर सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी. २४ ऑगस्ट १८८० ला असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्मली, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला गेली, शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरुणपणीच विधवा झाली. शेतात आणि जात्यावर तिनं रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली. ती १९५१ च्या डिसेंबरात गेली आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं ती गाणी छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. या बाईला कुणी विचारलं असणार, अक्षर न शिकता हे येतं कुठून? तिनं एका गाण्यात सांगून टाकलं, की सरस्वती आपली आई आहे आणि तीच शिकवते. रायर्डनची ॲनाबेथ ज्ञानदेवतेची लेक म्हणून जगभर गाजली. असोद्याच्या शेतकरणीनं तोच दावा कितीतरी आधी, निंदणी-खुरपणी करता करता केला होता. आणि तिची गोष्ट सांगायला तिला मॅग्नस लागला नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या मुलांनी समीराला जरूर भेटावं. आई-वडिलांनी पुस्तक आधी चाळावं, पटलं नाही तर मुलांशी वाद घालावा. कपाटावर ठेवू नये. शाळांनी ग्रंथालयात अशी पुस्तकं ठेवावीत आणि त्यांच्या शेजारी कानबाईच्या गाण्यांचं, सातपुड्यातल्या कथांचं पुस्तकही ठेवावं. आणि आपल्या मराठी लेखकांना माझी विनंती आहे. मुलांसाठी आपल्याकडे चतुर मुलगे पुष्कळ झाले. आता एक मुलगी हवी. तिचं आडनाव पाटील असो, पावरा असो की पिंजारी. तिच्या रक्तात थोडं आभाळ असावं, तिला शाळेला उशीर होत असावा, आणि आपली हकीगत तिनं स्वतः सांगावी. तिची बोली असोद्याची असली तर उत्तमच. नशिराबादची असली तरी चालेल, आम्ही शेजारीच आहोत.